रत्नावहिनींची वज्री

दगड ओळखायला डोळे लागतात, भिंग लागतं, हातोडी लागते, हे सगळं मला ठाऊक होतं. जीभ लागते हे मात्र छप्पन्न सालच्या चैत्रापर्यंत माझ्या कानावर आलेलं नव्हतं. त्या चैत्रात अंधेरीला, अण्णा देवस्थळींच्या घरी, एका प्रोफेसरानं माझ्यादेखत व्हरांडाभर दगड चाटले. तुम्ही म्हणाल, म्हातारा फेकतोय. म्हणा. फेकलेलं वजा करूनही जे उरतं, ते एका दुपारीला पुष्कळ आहे.

अण्णांचा उभा जन्म सरकारी कचेरीत गेला. हजारो कागदांवर त्यांनी सह्या केल्या, पण एकही स्वतःच्या नावाची नाही. वर साहेबाचं नाव, त्याखाली 'करिता', आणि त्या 'करिता'च्या शेपटीला लोंबकळणारी अण्णांची सही. निवृत्त झाले त्या दिवशी कचेरीनं हार दिला, नारळ दिला, मानपत्र दिलं. साहेब नेमके रजेवर, म्हणून स्वतःच्या मानपत्रावर साहेबांकरिता सहीदेखील अण्णांनीच केली.

त्यानंतर त्यांना एकच ध्यास लागला. कशावर तरी आपलं नाव असावं. देवळाची पायरी नको, धर्मशाळेचा बाक नको, तिथं नाव यायला मरावं लागतं नाहीतर पैसे लागतात. एक दिवस पेपरात आलं की मुंबईच्याच एका टेकडीच्या पोटात दगड झालेले बेडूक सापडलेत, आणि असं काही सापडलं की म्युझियममध्ये खाली चिठ्ठी लावतात, अमुक अमुक यांना सापडलं. झालं. अण्णांनी जुनी छत्री उचलली आणि आंबोलीच्या पुढं ओशिवरा नदीवर गेले.

नदी म्हणायची ती आपली कौतुकानं. पावसाळ्यात नदी, दिवाळीनंतर ओहोळ, आणि शिमग्यानंतर म्हशींची गादी. त्या कोरड्या पात्रात अण्णा छत्रीच्या टोकानं दगड उलथीत बसायचे. दारूबंदीचे दिवस. खाडीच्या तोंडाशी झुडपाझुडपांत भट्ट्यांची पिंपं पुरलेली असत, त्यामुळे नाल्यात वाकून काही उकरणारा इसम दिसला की पोलिसांच्या डोळ्यांत एकदम चमक यायची. हवालदारानं अण्णांना दोनदा पकडलं. पिशवीत बाटल्या असतील म्हणून उपडी केली, तर त्याच्याच बुटावर धोंडे पडले. तिसऱ्या खेपेला तो लांबूनच सलाम करून वळला. वेड्याला पकडलं तर पंचनाम्याला पान पुरत नाही, असं तो नाक्यावर म्हणाला म्हणे.

अण्णांची ओळखायची पद्धत सोपी होती. दगड कशासारखा दिसतो ते पाहायचं. ज्यासारखा दिसेल तेच तो एके काळी होता. बटाट्यासारखा गुळगुळीत मिळाला, ते राक्षसी सरड्याचं अंडं. टोकदार मिळाला, तो दात. एकावर नेच्याच्या पानांची काळी नक्षी होती, ते कल्पांतापूर्वीचं रान. आणि एक तर पाटाएवढा थोराड, वरून सगळीकडे बारीक विणीसारखी खरखर; ते होतं गेंड्याच्या पूर्वजाचं पाऊल, कातडीच्या ठशासकट. तो आणायला शेजारच्या चाळीतल्या लवू गावकराची मदत घ्यावी लागली. लवू गिरणीतून सुटलेला मालवणी गडी. खांद्यावरून पाऊल उतरवलं, घाम पुसला, मग अंड्याकडे बघून म्हणाला, "अण्णानू, ह्यां अंडां आसा तर उबवूक कोण बसतलो?"

जो दगड कशासारखाच दिसत नसे, तो अण्णांच्या दृष्टीनं नापास. तो अंगणातल्या शेवग्याखाली जायचा. त्या नापासांच्या ढिगाचा घरात मात्र उपयोग होई. चूल कलली, लाव एखादा. मांजर दुधाला येतं, ठेव झाकणावर. मोरीतली जुनी वज्री फुटली तेव्हा रत्नावहिनींनी त्यातलाच एक चपटा, काळसर, खरबरीत तुकडा उचलून टाचा घासायला ठेवला होता. तो अण्णांनाही माहीत होता, मलाही होता. मीही घासल्यात त्याच्यावर टाचा. उत्तम निघायच्या.

रत्नप्रभावहिनी म्हणजे अण्णांचं कुटुंब. बाई कामाची, बोलायला सरळ, आणि व्हरांड्याच्या बाबतीत कडक. दोन वर्षं तिनं सोसलं. पण चैत्र लागला, पापड-कुरडयांचे दिवस आले, आणि उन्हं येणारी घरातली एकमेव जागा सरड्याच्या अंड्यांनी अडवलेली. पहिले पापड लाटायला घेतले त्याच दिवशी, मी आणि लवू तिथं बसलेलो असताना, अण्णा सांगत आले की एका कॉलेजातले भूगर्भशास्त्राचे प्रोफेसर धारप रविवारी दगड बघायला येतायत. वहिनींनी लाटणं खाली ठेवलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "एकदाचं ठरू दे. त्यांनी एका तरी धोंड्याला हाड म्हटलं, तर व्हरांडा तुमचा. मी पापड डोक्यावर वाळत घालीन. नाही म्हटलं, तर सगळे हातगाडीवर घालून, भर उजेडी, बाजारातनं, तुम्ही स्वतः नदीला नेऊन टाकायचे. आणि पुन्हा एक खडा घरात यायचा नाही."

अण्णा माझ्याकडे आणि लवूकडे बघत राहिले. आम्ही दोघंही मदतीला आलो नाही. अण्णांनी मान डोलावली. साक्षीदार म्हणून रविवारी जेवायला या, असं वहिनींनी आम्हाला सांगितलं. श्रीखंड होतं. मग साक्ष द्यायला आमची ना नव्हती.

प्रोफेसर श्यामकांत धारप पस्तिशीचे, काटकुळे, खिशात भिंग, कमरेला हातोडी. दारातच त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं. वहिनींना वाटलं पिण्यासाठी. त्यांनी ते उंबऱ्याशी ठेवलं, अंडं उचललं, उलटंपालटं केलं आणि जीभ काढून चाटलं.

लवूनं माझ्या बरगडीत कोपर मारलं.

"हाडाला बारीक बारीक भोकं असतात," धारप चूळ भरत म्हणाले. "दगड झालं तरी पुष्कळदा राहतात. ओली जीभ लावली की ते पाणी ओढतं आणि जिभेला धरतं. साधा दगड धरत नाही." मग अंडं खाली ठेवलं. "हा साधा दगड."

मग ते रांगेनं चाटत सुटले. दात चाटला, तो गारगोटीचा निघाला. मांडीचं हाड चाटलं. तो आपला नेहमीचा काळा पत्थर. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं की हा काळा पत्थर म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि उकळत्या लाव्ह्यात नांदायला कोणी जनावर जात नाही. एक लाव्हा थिजून दुसरा येईपर्यंत मधल्या काळात तळी साचली, त्या तळ्यांच्या चिखलात जे मेलं तेच राहिलं. तो चिखल शोधायचा. नेच्याच्या पानांसाठी त्यांनी जीभसुद्धा बाहेर काढली नाही. म्हणाले, भेगेत पाण्याबरोबर क्षार झिरपतात आणि अशी नक्षी उमटते, टीपकागदावर शाई फुटते ना, तशी. हे झाड कधी उगवलंच नव्हतं.

अण्णा प्रत्येक दगडाबरोबर थोडे थोडे बसत होते. आधी उभे होते, मग खांबाला टेकले, मग पायरीवर आले. शेवटी गेंड्याचं पाऊल राहिलं. धारपांनी भिंग लावलं. बराच वेळ लावलं. अण्णांची पाठ पुन्हा ताठ झाली.

"ही वीण बघा," धारप म्हणाले.

"कातडीची," अण्णा म्हणाले.

"गोणपाटाची. हे सिमेंट आहे. भिजलेलं पोतं कोणीतरी नदीत टाकलं, ते तिथंच घट्ट झालं. आरेकडं बांधकामं चाललीत ना?"

मी तेव्हा हसलो नाही, याचं श्रेय श्रीखंडाला. लवू मात्र खांदा चोळत उठला, अंगणात गेला आणि त्या पावलाच्या आईबापांना उद्देशून मालवणीत बरंच काही बोलून आला.

धारप भला माणूस. यजमानाचा चेहरा बघून त्याला काहीतरी बरं बोलावंसं वाटलं. देवघराकडे नजर गेली, तसा म्हणाला, "खरा जीवाश्म तुमच्या घरात आहे की. तो शाळिग्राम. शंखातल्या किड्याचाच दगड तो." आणि दोन पावलं त्या दिशेनं टाकली. वहिनी स्वयंपाकघरातून अशा आल्या की पदर मागून आला. देवघरासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "याला चाटायचं नाही हं."

"नाही, नाही. तो गंडकीचा. इथला नव्हे."

"कुठलाही असो. पानं मांडलीत. हातपाय धुऊन घ्या."

त्याच वेळी अंगणात लवू हातगाडीवाल्याचा भाव करायला कोणाला पाठवावं, असं मला विचारत होता, आणि अण्णा ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. कोपऱ्यात त्यांनी चुन्यानं भिंतीवर दगडांचे नंबर घातले होते. ते नंबर ते बोटानं पुसत होते. मला वाटतं, चिठ्ठीचा विषय त्या घटकेला त्यांनी मनातून काढलेला होता. पुसता पुसता म्हणाले, "बाजारातनं नको, मागच्या गल्लीनं नेली तर चालेल का, विचार की हिला." मी म्हटलं, तुम्हीच विचारा. मी श्रीखंड खाल्ल्याशिवाय वहिनींशी वाकडं घेत नाही.

धारप मोरीत गेले. पाण्याचा आवाज आला. मग घासल्याचा आवाज आला. सबंध सकाळ नदीतून फिरून आलेला माणूस, टाचा घासणारच. मग घासायचं थांबलं. मग काहीच आवाज येईना.

पानं मांडलेली, आम्ही पाटावर, भात निवतोय आणि पाहुणा मोरीतून येत नाही. वहिनींनी लवूला पाठवलं. लवू दारापर्यंत गेला, आत पाहिलं, आणि तसाच मागं वळून अगदी शांतपणे म्हणाला, "अण्णानू, मास्तर वजरी खातत."

आम्ही धावलो. प्रोफेसर धारप एका पायावर उभे, दुसरा ओला पाय घंगाळाच्या काठावर, दोन्ही हातांत वहिनींची वज्री, आणि वज्रीला जीभ. आम्हाला बघून त्यांनी ती काढायचा प्रयत्न केला. जीभ येईना. आता इथं लोक मला अडवतात. म्हणतात जीभ धरते म्हणजे नुसती चिकटल्यासारखी वाटते, माणूस अडकून पडत नाही. ते लोक तिथं नव्हते. मी होतो. अण्णांनी प्रोफेसरांना धरलं, मी वज्री धरली, लवूनं मला धरलं, आणि वहिनींनी गोड्या तेलाची धार सोडली तेव्हा कुठं विद्येची आणि टाचेची फारकत झाली. दणका असा बसला की लवू मागच्या बंबावर जाऊन आदळला. बंबाला पोचा आला. तो पोचा पुढं कितीतरी वर्षं मी माणसांना दाखवत असे.

धारपांनी चूळसुद्धा भरली नाही. "हे कुठून आलं?"

अण्णा माझ्याकडे बघू लागले. मी छताकडे. पाहुण्याला हे सांगावं कसं? वहिनींना तसली भीड नव्हती.

"टाचा घासायचं आहे ते," त्या म्हणाल्या. "आमच्या सगळ्यांच्या. या दोघांच्या पण."

"ठाऊक आहे. आत्ताच मी माझ्या घासल्या."

"आणि मग चाटलंत?"

"आधी चाटून मग घासायला हवं होतं," धारप म्हणाले. "घाईत क्रम चुकला."

मग ते मोरीच्या उंबऱ्यावरच बसले आणि ओल्या बोटानं दाखवू लागले. ही कड बघा, करवतीसारखी, दुसऱ्या तुकड्यात अडकवायला. नदीनं झिजवलेल्या दगडाला अशी कड नसते. वर हे खळगे, एकसारखे, रांगेनं. कासव. पाठीच्या ढालीतला एक तुकडा. दोन लाव्ह्यांच्या मधल्या तळ्यातलं कासव, दगड झालेलं. अण्णा गुडघ्यांवर येऊन बघत होते. तोंड उघडं. हा तुकडा त्यांनीच नापास केला होता, कारण तो कशासारखाच दिसत नव्हता.

वहिनी मात्र मागं सरकल्या होत्या. पदर नाकाला लावलेला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मला एकच सांगा. हाड की दगड?"

धारपांना पैजेचा पत्ता नव्हता. तो त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. हाड म्हणाले तर व्हरांडा अण्णांचा, पण घरात दोन वर्षं हाड वावरत होतं, त्याला लावलेल्या हातापायांनी स्वयंपाक झाला, देवपूजा झाली, सबंध घर धुवावं लागणार, आणि श्रीखंडही गेलं. दगड म्हणाले तर श्रीखंड राहिलं, अण्णा गेले. मी कोणाच्या बाजूनं होतो ते विचारू नका. वाटी भरलेली दिसत होती.

"होतं हाड," धारप म्हणाले. "झालं दगड."

"कधी झालं?"

"माणूस जन्माला यायच्या पुष्कळ आधी."

"म्हणजे शास्त्रं लिहायच्या आधी?"

"लिहिणारे यायच्याही आधी."

वहिनींनी नाकावरचा पदर काढला. "मग त्याला सोवळं-ओवळं लागत नाही," त्यांनी निकाल दिला. "जेवायला चला. भात गार झाला."

जेवताना पैजेचा वाद निघालाच. अण्णा म्हणाले, हाड म्हटलं की नाही त्यांनी? वहिनी म्हणाल्या, व्हरांड्यातल्या कोणत्या धोंड्याला म्हटलं? माझ्या मोरीतल्याला म्हटलं. व्हरांड्यातला प्रत्येक नापास झाला. आम्हा साक्षीदारांची मतं मागितली गेली. आमच्या दोघांच्या पानांत त्या वेळी वहिनी दुसऱ्यांदा श्रीखंड वाढत होत्या. आम्ही न्याय केला. हातगाडी ठरली.

हात धुऊन धारपांनी खिशातून एक कोरी चिठ्ठी काढली, दोऱ्यासकट. नमुन्याला बांधायची असते. कुठं सापडलं, ओशिवरा नदी, अंधेरी. ते लिहून झालं. मग लेखणी थांबली.

"कोणाला सापडलं, म्हणून लिहू?"

पेपरात वाचल्या दिवसापासून अण्णा या प्रश्नासाठी जगत होते. आणि प्रश्न आला तेव्हा ते आधी स्वयंपाकघराकडे बघू लागले. नदीतून आणलं त्यांनीच, ते खोटं नव्हतं. एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं. आम्ही कोणी हरकत घेतली नसती. वहिनी आत भांडी आवरत होत्या, त्यांना कळलंही नसतं.

"मी ते फेकलं होतं," अण्णा शेवटी म्हणाले. "तिनं उचललं. तिचं लिहा."

आतून भांड्यांचा आवाज बंद झाला. "माझं नको," वहिनींचा आवाज आला. "मुलुंडला माझ्या माहेरची माणसं आहेत. उद्या म्युझियममध्ये जाऊन वाचतील, आमच्या रत्नीच्या टाचांचा दगड म्हणून. मी काही सहीबिही करणार नाही."

"सही लागते," धारप अवघडून म्हणाले. "देणाऱ्याची."

अण्णांनी हात पुढं केला, चिठ्ठी घेतली, लेखणी घेतली. इतकं झरझर लिहिताना त्यांना मी निवृत्तीनंतर पाहिलंच नव्हतं. वर लिहिलं, सौ. रत्नप्रभा देवस्थळी. त्याखाली लिहिलं, करिता. आणि करिताच्या शेपटीला आपली सही ठोकली, लफ्फेदार, जशी जन्मभर ठोकत आले तशी. पण या खेपेला शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले.

वहिनी हात पुसत बाहेर आल्या, वाकून वाचलं, आणि एवढंच म्हणाल्या, "अक्षर बरं आहे." मग वज्री दोऱ्याला बांधली जाताना बघून त्यांना आठवलं. "ते नेताय ते न्या. पण मग माझ्या टाचांचं काय?"

दुसऱ्या दिवशी भर उजेडी, बाजारातून, अण्णांनी हातगाडी नेली. पुढं लवू ओढायला, मागं मी लोटायला, मध्ये गेंड्याचं पाऊल. किराणावाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे दारात आले. हवालदारानं नाक्यावर गाडी अडवली आणि गंभीरपणे विचारलं, आता परत का नेताय, नदीनं मागितले का? अण्णा म्हणाले, "हिनं सांगितलं." हवालदार संसारी माणूस होता. त्यानं वाट करून दिली.

धोंडे नदीत रिचवून अण्णा रिकाम्या गाडीवर एक तुकडा घेऊन परतले. चपटा, काळसर, खरबरीत, वहिनींसाठी. वहिनींनी घासून पाहिला. म्हणाल्या, हा बोचतो. दुसऱ्या दिवशी दुसरा आणला. तो गुळगुळीत. तिसरा ठिसूळ, मोरीत काळं पाणी झालं. अण्णा रोज सकाळी छत्री घेऊन नदीवर जायला लागले, आता उघड, बायकोच्या कामासाठी, आणि येताना चार-चार नमुने आणायला लागले. प्रत्येक तुकडा ते वाटेत चाटून बघायचे, वहिनी घासून बघायच्या, आणि दोघांचंही एकमत होईना. कासवाची सर कशालाच येईना. नापास झालेले टाकायचे कुठं? शेवग्याखाली जागा नव्हती. एकेक करत ते व्हरांड्यात आले.

वैशाखात मी गेलो तेव्हा व्हरांडा पूर्वीइतकाच भरलेला होता. खाडीवरून वारा सुटला होता. वहिनींनी पापडांची धोतरं अंथरली होती आणि चारी बाजूंनी अण्णांचे दगड ठेवून वाऱ्यापासून सांभाळली होती. अण्णा पायरीवर बसून एका नव्या तुकड्याकडे लाडानं बघत होते. त्यांनी तो माझ्यापुढं धरला.

"बघ रे जरा," म्हणाले. "माझी जीभ सकाळपासून बधिर झालीये."

वहिनी पापड उलटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आधी चाटा हं भावजी. मग घासा."